तिन्ही दलांचा एकच आवाज

जालन्याच्या टेलिफोन ऑफिसात त्या दुपारी शरयू एकटीच स्विचबोर्डसमोर बसली होती. कानाला हेडफोन, बोटांत तारा, अन् खिडकीबाहेर श्रावणातली भुरभुर... तेवढ्यात दारात जीप करकचून थांबली आणि खाकी वर्दीतला एक उंच तरुण थेट आतच आला. आत यायची परवानगी कुणालाच नव्हती.

"दिल्लीला ट्रंक कॉल पाहिजे. आत्ता."

शरयूनं मान वळवली नाही. "बाहेर खिडकी आहे. तिथं नाव सांगा अन् बाकावर बसा. लाइन लागली की बोलावते."

"सैन्याचं काम आहे, बाई."

"असू द्या की. तुमच्या आधी सरकीचे व्यापारी बसलेत. त्यांचंही काम हाय."

तो क्षणभर उभा राहिला. मग स्वतःशीच पुटपुटला, "सकाळपासून हेच करून राह्यलो..."

आता मात्र शरयूनं वळून पाहिलं. हा सूर दिल्लीचा नव्हता, पुण्याचाही नव्हता. टोपीखाली भिजलेले केस, पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब, आणि चेहऱ्यावर पकडला गेल्याचा भाव.

"गाव कोणतं तुमचं?"

"वडीगोद्री," तो हळूच म्हणाला.

"मंग साहेबासारखं कशाला बोलता? बसा, जल्दी लावते."

तो हसला. आणि शरयूला उगाचच वाटलं, सरकीवाल्यांनी आज जरा लवकर आटपावं...

लाइन लागली ती खरखरीतच. दिल्लीवाल्याचं त्याला कळेना, त्याचं दिल्लीवाल्याला कळेना. शेवटी मधे बसलेल्या शरयूनं एकेक वाक्य इकडून तिकडं पोचवलं. निघताना तो पुन्हा दारात थांबला. म्हणाला, मी कॅप्टन मार्तंड. आणि तुमच्या आवाजावर पाऊस पडला तरी तो भिजत नाही, असं काहीतरी बोलून, स्वतःच लाजून निघून गेला.

आठवडाभरात पोस्टमास्तरांनी शरयूला बोलावून घेतलं. जुन्या छावणीच्या मैदानावर तंबू पडले होते हे गावाला ठाऊक होतं. आत काय चालतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या कर्नलसाहेबांनी काही दिवसांसाठी एक ऑपरेटर मागितली होती, आणि ती शरयूच असावी असं म्हटलं होतं. घरी बरीच चर्चा झाली. शरयूचे वडील रामराव रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. मुलीनं सैनिकांच्या तंबूत बसायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. पण काम देशाचं आहे एवढं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली, आणि पहिल्या दिवशी स्वतः तिला सायकलवरून सोडायला गेले.

तंबूत गेल्यावर शरयूला सगळं उमगलं. भूदलाचा वायरलेस लहरींच्या वेगळ्या पट्ट्यावर बोलायचा, विमानाचा वेगळ्या, नौदलाचा आणखी वेगळ्या. डोक्यावरून आपलंच विमान जायचं आणि खालच्या जवानाची हाक त्याला ऐकू जायची नाही. तिन्ही दलांना एकच वायरलेस संच द्यावा, हे सगळ्यांना पटत होतं; पण प्रत्येक दल स्वतंत्र तपासणी करणार, शंका काढणार, आणि फायली वर्षानुवर्षं फिरणार. म्हणून हा प्रयोग होता. तिन्ही दलांची माणसं एकाच तंबूत बसवायची. जे बिघडेल ते तिथंच उघडायचं, तिथंच दुरुस्त करायचं. जमलं तर संच लगेच सगळीकडं जाणार. नाही जमलं तर पुन्हा समित्या, पुन्हा फायली...

एका पट्ट्यावर सगळे आले खरे, पण मग सगळे एकदमच बोलायला लागले! मार्तंड जमिनीवरून, नौदलाचा शरदचंद्र मोती तलावातल्या रबरी होडीतून, आणि औरंगाबादच्या धावपट्टीवरून उडालेला फ्लाइट लेफ्टनंट गयासोद्दीन आभाळातून. कुणी कधी बोलायचं, कुणी थांबायचं, हे सांगणारा एक आवाज हवा होता. कुठल्याच दलाचा नसलेला.

"बहेनजी," गयासोद्दीन पहिल्याच दिवशी वरून म्हणाला, "इन फौजवालों को चुप कराना आपही के बस की बात है. ओव्हर."

शरयू शिकली. 'ओव्हर' म्हणायला लाजायची, ती दोन दिवसांत ठसक्यात म्हणायला लागली. दुपारच्या चहाला मार्तंड तिच्या टेबलाशी यायचा. काही काम नसायचं. तरी एखादी तार उगाच तपासायचा.

"ही तार काल बराबर होती," ती म्हणायची.

"आज पुन्हा बघितलेली बरी..."

"तारच बघा मंग."

तो कानापर्यंत लाल व्हायचा. अशाच एका दुपारी त्यानं तिला भावाबद्दल सांगितलं. थोरला पुंजाराम सैन्यात होता. डोंगरातल्या लढाईत त्याची तुकडी बर्फात अडकली. विमान अन्न घेऊन आलं, डोक्यावर घिरट्या घातल्या, आणि सगळी पोती पलीकडच्या दरीत टाकून गेलं. खालून ही माणसं घसा फुटेस्तोवर ओरडत होती. पुंजाराम परत आला, पण पायांची बोटं बर्फानं खाल्ली. आता वडीगोद्रीला काठी टेकत शेतावर जातो. कुणाला दोष देत नाही, मार्तंड म्हणाला. एवढंच म्हणतो, वरच्याला आमचं ऐकू आलं असतं तर...

 त्याचा चहा निवला होता, तो शरयूनं बदलून आणला.

भादवा लागला आणि दिल्लीचे मोठे अधिकारी प्रात्यक्षिक पाहायला येणार असं ठरलं. त्याआधीच्या चाचण्यांत मात्र विमान खाली झेपावलं की होडीचा आवाज बुडून जायचा. कुणाचं ऐकू आलं, कुणाचं नाही, याची नोंद शरयूच करायची, आणि संच पुन्हा उघडून पाहायला वेळ उरला नव्हता. मार्तंड थकला होता. तो शरयूला म्हणाला की, एवढ्यासाठी नापास नका करू, ऐकू आलं असं सांगा. पुढं सुधारून घेऊ.

"मला ऐकू आलं न्हाई," शरयू म्हणाली.

"थोडं तर आलं असेल?"

"कॅप्टनसाहेब, उद्या होडीत दुसऱ्या कुणाचा भाऊ असंल. त्याला मी काय सांगू, थोडं ऐकू आलं होतं म्हणून?"

मार्तंडचा चेहरा उतरला. तो रागानं बाहेर गेला. त्या दिवशी त्यानं चहासुद्धा घेतला नाही, आणि शरयू घरी जाताना वाटभर स्वतःलाच समजावत राहिली की तिला काही वाटत नाही... बिलकुल वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा शरदचंद्र, मार्तंड आणि विमानदलाचे मेकॅनिक तिघंही एका उघड्या संचावर वाकले होते. रातोरात औरंगाबादला विमानाच्या इंजिनाजवळची जोडणीही बदलून घेतली होती. चाचणी झाली. विमान झेपावलं आणि होडीतला शरदचंद्रचा आवाज लख्ख आला. मार्तंड तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काल चुकलो. तुम्ही ऐकलं असतं माझं, तर फार वाईट झालं असतं."

"म्हणून तर न्हाई ऐकलं," ती म्हणाली. आणि दोघांचीही नजर एकदमच खाली गेली...

प्रात्यक्षिक गोदावरीवर होतं, कुंभार पिंपळगावच्या पलीकडं. पण पाहुणे काठावर पोचले तेव्हा नदी ओळखू येत नव्हती. वर कुठंतरी रात्रभर कोसळला होता आणि पाणी शेतं गिळत चाललं होतं. पलीकडची एक वाडी सगळीकडून वेढली गेली होती. माणसं देवळाच्या टेकाडावर दाटीवाटीनं उभी होती.

दिल्लीचे एक अधिकारी म्हणाले की संच अजून मंजूर झालेले नाहीत, प्रत्यक्ष संकटात वापरता येणार नाहीत. मार्तंडनं कर्नलसाहेबांकडं पाहिलं. ते एवढंच म्हणाले की संच इथं आहेत आणि माणसं तिथं आहेत; निघा.

होडी पाण्यात गेली. शरदचंद्र इंजिनावर, मार्तंड पुढं संच घेऊन. वरून गयासोद्दीनला पाण्यावर डोकावणारे बाभळींचे शेंडे, विहिरींचे कठडे, भोवरे सगळं दिसत होतं, आणि तो जे पाहत होता ते होडीला त्याच क्षणी कळत होतं. उजवीकडून या. आता थांबा. आता सरळ. काठावर तंबूच्या आडोशाला बसून शरयू एकेकाला बोलतं करत होती, एकेकाला थांबवत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. द्वारकाबाई नावाची बाळंतीण पोर पोटाशी धरून उतरली. काठावरची माणसं पुढं होऊन एकेकाला हात देत होती.

शेवटच्या फेरीत होडी मधोमध अडकली. इंजिन बंद पडलं. आणि मार्तंडचा आवाज तुटला.

काठावर एकच गलका झाला. दिल्लीच्या त्या अधिकाऱ्यांनी पुढं होऊन शरयूचा माइक घ्यायला हात घातला. तिनं तो सोडला नाही.

"साहेब, आत्ता विमान बोलून राह्यलं. थांबा."

ते थांबले. गयासोद्दीन सांगत होता की होडीचा दोर अर्धवट बुडालेल्या बाभळीत गुंतलाय. दोर कापला तर धार होडीला आपोआप खालच्या वळणावर काठाला आणेल. पण होडीनं ते ऐकलं का? शरयूनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आवाज तोच होता... सपाट, स्वच्छ, दिल्लीची लाइन लावावी तसा.

"होडी, मी काठ बोलतेय. दोर कापा. धारेबरोबर या. ऐकू आलं असेल तर बोला. ओव्हर."

खरखर. मग अगदी बारीक, "ऐकू आलं. संचात पाणी गेल्तं. दोर कापतो." आणि थोडं थांबून, "शरयूबाई... कापायच्या आधी एक बोलायचं राह्यलंय..."

तंबूत सगळे ऐकत होते. आभाळात गयासोद्दीन ऐकत होता.

"ते काठावर येऊन बोला," शरयू म्हणाली. "समोर. आधी दोर. ओव्हर."

होडी गर्रकन फिरली, दिसेनाशी झाली, आणि खालच्या वळणावर चिखलात येऊन टेकली. कर्नलसाहेब, जवान, गावकरी सगळे धावले. शरयूही धावली, पदर कुठं, चप्पल कुठं... होडीतून आधी सगुणाबाई नावाची म्हातारी उतरली, काखेत कोंबडी घेऊन. मागून मार्तंड, नखशिखांत भिजलेला. शरयू समोर दिसताच तो गप्पच झाला.

सगुणाबाईंनी वळून त्याच्याकडं पाहिलं. "बोल की रे आता. मधे पाण्यात जीभ सुटली होती, अन् काठावर बसली व्हय?"

जवान हसू दाबत पाठमोरे झाले.

"मी... दोर कापताना भ्यालो," मार्तंड म्हणाला. "बुडायला न्हाई. तुम्हाला सांगायचंच राहील, याला भ्यालो. त्या दिवशी टेलिफोन ऑफिसातून निघालो तवापासून मला तुमच्याशिवाय दुसरा आवाज गोड लागंना. माझ्याशी लग्न कराल?"

शरयूचे डोळे भरून आले होते. तरी ती ताठ उभी राहिली.

"माझी नोकरी मी सोडणार न्हाई."

"मी सोडू देणार न्हाई."

"अन् बाबांना तुम्ही स्वतः येऊन विचारायचं."

"आजच येतो."

वरून विमान एकदा खाली झुकलं आणि पंख हलवून औरंगाबादकडं वळलं. दिल्लीच्या त्या अधिकाऱ्यांनी कर्नलसाहेबांचा हात हातात घेतला. इथं मी जे पाहिलं त्यानंतर आणखी समिती कशाला, असं ते म्हणाले. सरहद्दीवरच्या ठाण्यांना हे संच या हिवाळ्याआधीच मिळतील. वाडीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं.

संध्याकाळी मार्तंड खरोखरच रामरावांच्या ओसरीवर येऊन बसला. कपडे शरदचंद्रकडून मागून आणलेले, बाह्या आखूड. शरयूच्या आईनं, उषाबाईंनी, चहा पुढं केला आणि आत न जाता दाराशीच उभ्या राहिल्या. रामरावांनी गाव विचारलं, घराणं विचारलं, पुंजारामची चौकशी केली. मग पुढची नेमणूक विचारली.

मार्तंडनं खरं ते सांगितलं. नवे संच घेऊन उत्तरेच्या सरहद्दीवर जायचं होतं. बर्फात.

रामराव मग मुलीकडं वळले. 

"शरयू, मुलगा चांगला हाय. पण बाई, तो तिथं डोंगरात, अन् तू इथं. काही झालं तर त्याची हाक कोण ऐकणार? याचा विचार केला का?"

शरयू पुढं आली. मार्तंडच्या शेजारी बसली, वडिलांसमोर, पहिल्यांदाच.

"केला, बाबा. यांनी हाक मारली की वरच्या विमानाला ऐकू जाईल. आता सगळ्यांचीच जाईल." तिनं मान वर केली. "ते काम आम्ही केलंय."

रामरावांनी तिच्याकडं पाहिलं... पाहतच राहिले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले आणि दाराकडं वळून म्हणाले, "अहो, गूळ आणा. कॅप्टनसाहेबांचं तोंड गोड करा."