भिंतीवरची हजेरी

आमच्या घरात कुठेही जायचं ठरलं की जाणारे सगळे असतात आणि नेणारी मी एकटी. तिकिटं मी काढायची, बॅगा मी भरायच्या आणि "चार्जर घेतलास का?" हे प्रत्येकाला मीच विचारायचं. त्यामुळे जहाजावरची सुट्टी ठरली तेव्हा खोल्यांची वाटणीही माझ्याच गळ्यात पडली. खोटं कशाला सांगू, मला अशा कामात मजा येते. कागदावर माणसं इकडून तिकडे हलवता येतात आणि कोणी उलटून बोलत नाही.

जहाजवाल्यांचा एक नियम होता. अठरा वर्षांच्या आतलं मूल असलेल्या प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस हवंच. म्हणून कागदावर मी आणि थोरली एका खोलीत, नवरा आणि धाकटा शेजारच्या खोलीत, अशी नावं घातली. सासऱ्यांना लिफ्टजवळची छोटी खोली घेतली. तिला खिडकी नव्हती, पण त्यांना फार चालावं लागणार नव्हतं. प्रत्यक्षात काय करायचं ते मी आधीच ठरवलं होतं, आणि मला वाटतं सगळ्याच आया ते करतात. जहाजावर पाऊल टाकल्याबरोबर काउंटरवर गेले, गोड हसले आणि आमच्या दोन्ही खोल्यांच्या जादा किल्ल्या मागून घेतल्या. किल्ली म्हणजे एक पत्त्याएवढं कार्ड. दाराला टेकवलं की हिरवा दिवा लागतो. आता मी आणि नवरा एका खोलीत, पोरं शेजारी. सतरा आणि चौदा वर्षांची पोरं आईबापाच्या खोलीत झोपायला तयार नसतात, आणि झोपली तरी आपल्याला झोपू देत नाहीत.

पण खाली समुद्र होता. ही दोघं अंधारात वरच्या डेकवर कठड्याला रेलून उभी आहेत असं काहीतरी सारखं डोळ्यांसमोर यायचं. म्हणून मी हजेरी ठेवली. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ पत्र्याची होती, नखाने वाजवलं तरी पलीकडे ऐकू जाईल अशी. झोपायच्या वेळी मी भिंतीवर तीन टिचक्या मारायच्या, एक सुटी आणि दोन जोडून. थोरलीने तिच्या अंगठीने दोनदा टकटक करायची. धाकट्याने तळहाताने एक धपाटा द्यायचा. दोन्ही उत्तरं आली की माझा जीव भांड्यात. एखादं राहिलं तर मी पुन्हा वाजवणार, जरा जोरात.

"आई, आम्ही काय तुरुंगात आहोत का?" थोरली म्हणाली.

"तुरुंगात इतकं मऊ पांघरूण देत नाहीत," मी म्हणाले, आणि विषय संपवला.

हजेरी अगदी चोख लागत होती. रोज माझ्या तीन टिचक्या, मग अंगठीचं नाजूक टकटक, मग धपाटा. नवरा उशीत तोंड खुपसून म्हणायचा, "झाली का मोजणी? दिवा घालव." मी दिवा घालवायची. इंजिनाची घरघर पाठीखालून येत राहायची, खारट दमट वास यायचा आणि मला छान झोप लागायची. पोरांना सुट्टीत एवढं शहाण्यासारखं वागताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

सुट्टी संपत आली तेव्हा एका सकाळी आमच्या खोल्या आवरणारा माणूस दारात आला. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेलं सासऱ्यांचं कानाचं मशीन होतं.

"तुमच्या शेजारच्या खोलीतल्या आजोबांचं आहे," तो म्हणाला. "पलंगाखाली पडलं होतं."

"शेजारी माझी मुलं असतात," मी म्हणाले.

तो नम्रपणे हसला. "नाही हो. मुलं लिफ्टजवळच्या खोलीत. आजोबा इथे. मी रोज आवरतो ना."

नाश्त्याच्या टेबलावर मी मशीन सासऱ्यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि तिघांकडे नुसतं पाहिलं. धाकट्याने टोस्ट खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. पहिली रात्र तेवढी मुलं शेजारी झोपली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी आजोबांना लाडीगोडी लावली, खिडकीतून समुद्र दिसेल म्हणून सांगितलं आणि कार्डांची अदलाबदल केली. लिफ्टजवळची खोली त्यांना हवी होती, कारण तिथून खेळांचं दालन दोन उड्यांवर होतं आणि आई लांब होती.

"आणि हजेरी?" मी विचारलं. राग आला होताच, पण खरं सांगायचं तर थोडं हसूही येत होतं. "आजोबांना कामाला लावलंत? या वयात?"

"आजोबांना आम्ही नीट शिकवलं होतं," थोरली म्हणाली. "आधी दोनदा हळू, मग एक धपाटा. काय मस्त जमत होतं ना तुम्हाला, आजोबा?"

सासऱ्यांनी एव्हाना मशीन कानात बसवलं होतं. ते गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले.

"मी कुठे वाजवत होतो?" ते म्हणाले. "अगं, झोपताना हे काढून ठेवलं की उशाशी ढोल बडवला तरी मला पत्ता लागत नाही. तुमची आई कधी वाजवते ते मला कसं कळणार? मला वाटलं, तुम्हीच येता."

"आम्ही?"

"रोज कोणीतरी यायचं की. पलंगाच्या कडेला बसायचं, भिंतीकडे तोंड करून. पलंग दबला की तेवढं कळतं मला. म्हटलं, आली पोरं हजेरी द्यायला. बरं वाटायचं… सोबत असल्यासारखं." ते समाधानाने चहा प्यायले.

नवरा म्हणाला, "पाण्याचे पाइप असतील. जहाजात असे आवाज येतातच."

"पाइप अंगठी घालतात का?" मी म्हणाले. "मी हिच्या अंगठीचा आवाज ओळखते."

थोरलीचा चेहरा उतरला. "आई… अंगठी तुझ्याकडे आहे ना. दुसऱ्या दिवशी पोहायला जाताना दिली होती. मी परत मागितलीच नाही."

मी पर्स उघडली. सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात अंगठी होती.

त्या दिवशी मी सगळी वाटणी मोडली. सासरे त्यांच्या मूळच्या खोलीत गेले, शेजारची खोली रिकामी करून कुलूपबंद केली आणि दोन्ही खोल्यांची सगळी कार्डं रबरबँड लावून माझ्याजवळ ठेवली. मुलं आमच्याच खोलीत, खाली गाद्या टाकून. मला वाटलं होतं कुरकुर करतील, पण दोघं निमूट आली. आणि गंमत म्हणजे ती रात्र सगळ्यात मजेत गेली. आम्ही पत्ते खेळलो, नवऱ्याची चोरी पकडली, त्याच्या घोरण्यावरून हसून हसून आमची पोटं दुखली. मी भिंत वाजवली नाही. भिंतही वाजली नाही. मध्येच जाग आली तेव्हा हात खाली सोडून मी दोन्ही डोकी चाचपली आणि पुन्हा झोपले.

उतरायच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. बॅगा नेल्या होत्या, उतरायची घोषणा व्हायची होती. आम्ही पाचही जण आमच्या खोलीत बसलो होतो. सासरे खिडकीतून बंदर पाहत होते, थोरली वेणी घालत होती, नवरा बूट शोधत होता. धाकटा पलंगावर, त्या भिंतीला टेकून, मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी खोलीच्या मधोमध उभी राहून कार्डं मोजत होते.

भिंत वाजली. एक सुटी टिचकी, दोन जोडून.

अगदी माझ्यासारखी. मी स्वतःच वाजवली असावी असं क्षणभर मलाच वाटलं, इतकी माझी.

धाकट्याने मोबाइलवरून नजरही उचलली नाही. सवयीने हात मागे नेला आणि धपाटा दिला. मग त्याने वर पाहिलं. मी समोर उभी होते, दोन्ही हातांत कार्डं घेऊन.

"आई…" तो म्हणाला, "तू तर इथे आहेस."

पलीकडे थोडा वेळ शांत होतं. मग पुन्हा वाजलं. जरा जोरात.

थोरलीने अर्धी वेणी तशीच सोडली आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. "मी नाही देणार," ती कुजबुजली. "आई, मी नाही देणार…" नवरा एका पायात बूट घालून उठला. त्या वेळी त्याला पाइप आठवले नाहीत. त्याने दार उघडलं आणि घोषणेची वाट न बघता आम्ही जिन्याने खाली उतरलो. शेजारच्या दाराकडे मी पाहिलं नाही.

या गोष्टीला बरेच महिने झाले. आम्ही मजेत आहोत. पाहुणे आले की सासरे कार्डांच्या अदलाबदलीचा किस्सा रंगवून सांगतात आणि सगळे हसतात, मीही हसते. धाकटा खातो, उंच होतो, बहिणीशी भांडतो. फक्त झोप लागल्यावर त्याचा हात उठतो आणि भिंतीवर एक धपाटा बसतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. मी त्याचा पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणला. तर तो झोपेतच उठतो, भिंतीपर्यंत चालत जातो, धपाटा देतो आणि परत येऊन झोपतो. ती आमची बाहेरची भिंत आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि भिंतीपलीकडे कोणाला उभं राहायलाही जागा नाही. मी कितीदा तिला कान लावला. मला काहीच ऐकू येत नाही. माझी भीती हळूहळू कमी होत चालली होती.

परवा सकाळी थोरली चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्याने धपाटा दिला ना, की परत वाजतं… जरा जोरात. मी अजून उत्तर दिलेलं नाही."