बलक्काची सुटका

फर्रर्र.

अम्मानं जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि मघापासून घरात साचून राहिलेली शांतता त्या आवाजानं उसवली. कोपऱ्यात धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेल्या रशीदानं मान वर केली. अम्मा अब्बांच्या कपाळावरची पट्टी सोडवत होती. पट्टी जखमेला चिकटली होती. अब्बांनी दात आवळले.

"आज नका जाऊ," अम्मा हळूच म्हणाली. "शनवार आहे."

"म्हणून काय झालं? माणसं स्टँडवर ताटकळत बसतील." अब्बा उसनं हसले. "आणि आज गाडी गिरणीपुढनं न्यायचीच नाही. तळ्याकाठनं न्यायची. ती वाट अडली तर वखारीच्या बोळातनं. मालकांनी ठरवलंय तसं."

रशीदाचे अब्बा इमामसाब आबासाहेबांच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. सोलापूर ते अक्कलकोट अशी त्यांची फेरी. त्याच रस्त्यावर हिंदुरावांचीही एक मोटार पळायची आणि दुसऱ्या कुणाची मोटार तिथं दिसली की हिंदुरावांच्या डोक्यात तिडीक उठायची.

शनिवारी गिरणी लवकर सुटते. भोंगा झाला की फाटकातून माणसांचा लोंढा रस्त्यावर येतो आणि मोटार मुंगीच्या पावलानं सरकते. गेल्या शनिवारी अशीच मोटार अडकली असताना गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "चोर, चोर! धरा त्या ड्रायव्हरला!" झालं! इमामसाबांना खाली खेचलं. ज्यांनी ऐकलं त्यांनी मारलं, ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही मारलं. "मी चोर नाही," असं अब्बा ओरडत होते, पण लाथाबुक्क्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? गिरणीच्या सूतखात्यातल्या केराबाईनं ओळखलं तेव्हा कुठं हात थांबले. तोवर कपाळ फुटलं होतं आणि ओरडणारा पसार झाला होता. तो हिंदुरावांचा माणूस मायाप्पा होता हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. सांगायला मात्र कुणी पुढं येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, "त्याच जागी आणखी एक फटका बसला तर माणूस हाती लागायचा नाही." तेव्हापासून रशीदाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अब्बा टोपी घालून निघून गेले. त्यांच्या मागोमाग दारात एक घामाघूम चेहरा उगवला. हा जोतीराम, आबासाहेबांचा भाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जेऊरहून मामाकडं आला होता आणि आल्या दिवसापासून रशीदाच्या ओट्यावरच पडीक होता.

"रशीदा, भाईर ये. लई मोठी भानगड हाय."

"तुझी कालची भानगड मांजराची निघाली होती."

"ह्यात मांजर न्हाय. बाया हायेत. दोन."

रशीदा लालसाबचं बोट धरून बाहेर आली. लालसाब सहा वर्षांचा होता. आपा जिथं जाईल तिथं त्याला जायचंच असायचं.

जोतीरामनं सांगितलं ते असं. मामांनी त्याला नव्या पेठेतल्या हॉटेलात भजी आणायला धाडलं होतं. तिथं मायाप्पा आणि त्याचे दोन सोबती चहा पीत बसले होते. एकानं जोतीरामकडं बोट दाखवलं, तर मायाप्पा म्हणाला, "जेऊरचं पोर ते. त्याला काय कळतंय?" आणि तिघं कानडीत बोलायला लागले.

"मग तुला काय कळलं?"

"कानडी न्हाय कळत, पर नावं कळत्यात की! मायाप्पा म्हनला, बलक्का बंद. म्हंजी बलक्काला कुटंतरी कोंडलीया. मग म्हनला, येडक्का बरतान."

"येडक्का?"

"बलक्काची भैन आसंल. आमच्याकडं मायाक्का आसती, तुमच्याकडं येडक्का."

"आमच्याकडं असं कुणाचं नाव नसतं. आणि बरतन म्हणजे भांडी." रशीदानं कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे येडक्काची भांडी चोरली की काय?"

"आन् बलक्काला कोंडलं, कारन तिनं बघितलं!" जोतीरामचे डोळे चमकले. "शेवटी म्हनला, अल्ले बडीरी. आन् मधीमधी मोटार, मोटार. आज बलक्काला मोटारीत घालून पळवनार, माझी खातरी हाय."

"मी पण येणार," लालसाबनं जाहीर केलं.

रशीदाच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. मायाप्पानं बाई कोंडली आहे हे उघडकीला आलं, तर फौजदार त्याला आजच्या आज आत टाकतील. मग अब्बांच्या वाटेला जाणार कोण?

"चल," ती म्हणाली. "अम्माला सांगू नकोस."

हिंदुरावांची मोटार ठेवायची पत्र्याची शेड तळ्याच्या अलीकडं होती. मागच्या बाजूला निवडुंगाचं कुंपण होतं. तिघं वाकून वाकून पत्र्यापाशी पोचले. पत्रा उन्हानं असा तापला होता की कान लावताच जोतीराम कळवळला. रशीदानं फटीला डोळा लावला.

आत मोटार नव्हती, मायाप्पाही नव्हता. भिंतीशी काठ्या रचून ठेवल्या होत्या, दोन-तीन लोखंडी पहारींना हाताशी चिंधी गुंडाळलेली होती. बाई कुठंच दिसेना.

"आतल्या खोलीत आसंल," जोतीराम पुटपुटला आणि फटीला तोंड लावून हळूच हाक मारू लागला, "बलक्का! ओ बलक्का! भिऊ नगा. आमी आलोय."

आतून एक शेळी ओरडली.

"तोंड बांधलंय तिचं," लालसाब गंभीरपणे म्हणाला.

"कुणाला हाक मारतोस रे?"

तिघंही दचकून वळले. डोक्यावर घागर घेऊन सिद्धम्मा उभी होती. ती रशीदाच्या वर्गातली, घाण्यावरच्या तेल्याची मुलगी, घरी कानडी बोलणारी. ती हसत होती. "उजवीकडे, ओ उजवीकडे, अशी हाक मारतं का कुणी?"

"उजवीकडं? आमी बलक्काला बोलवतोय."

"बलक्क म्हणजे उजवीकडे. येडक्क म्हणजे डावीकडे. खुळ्यांनो, बाया कसल्या त्या?"

रशीदानं सिद्धम्माचा हात घट्ट धरला. "आणि बरतान? बरतान म्हणजे?"

"येतो. तो येतो."

"अल्ले बडीरी?"

सिद्धम्माचं हसू मावळलं. "तिथंच मारा," ती म्हणाली. "असं कोण कुणाला म्हणालं?"

रशीदानं ते शब्द मनात एकापुढं एक मांडले. उजवीकडची वाट बंद. तो डावीकडे येतो. तिथंच मारा. उजवीकडची वाट म्हणजे तळ्याची, डावीकडचा बोळ वखारीचा. आज मोटार कुठून जाणार हे यांना कळलंच कसं?

"जोत्या, तुझे मामा हे बाहेर कुणाजवळ बोलले होते का?"

जोतीरामनं मान खाली घातली. "मामा व्हय? ते काल हाटेलात समद्यांफुडं सांगत व्हते. आमची मोटार आता गिरनीपुढनं जानारच न्हाय, तळ्याकाठनं न्हाय तर वखारीतनं जाईल, बघू कोन अडवतंय."

त्याच क्षणी गिरणीचा भोंगा झाला.

रशीदा आणि जोतीराम धावत सुटले. सिद्धम्मानं घागर तिथंच ठेवली आणि लालसाबला पाठुंगळी मारून तीही धावली. पायांखालची धूळ तव्यासारखी भाजत होती. रशीदाची चप्पल तुटली, ती तिनं भिरकावून दिली.

जुन्या लिंबापाशी रस्त्याला तीन फाटे फुटत. मधला गिरणीपुढून, उजवा तळ्याकाठून, डावा वखारीच्या भिंतींमधून, आणि पुढं तिन्ही अक्कलकोटच्या रस्त्याला मिळत. उजव्या वाटेवर दगडांनी भरलेली एक बैलगाडी चाक निखळून आडवी पडली होती. बैल सोडलेले, गाडीवान बेपत्ता. आणि अब्बांची मोटार डावीकडे वळत होती.

रशीदा सरळ मोटारीपुढं जाऊन उभी राहिली.

ब्रेक किंचाळले. मोटार तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आतली माणसं एकमेकांवर आदळली आणि शिव्या घालू लागली. पुढच्या बाकावर बसलेले आबासाहेब लाल झाले. "इमाम, पोरीला वेड लागलं काय तुझ्या?"

रशीदाला नीट श्वासही घेता येत नव्हता. मग तिनं ऐकलेले शब्द जसेच्या तसे म्हटले. "अब्बा, मायाप्पा म्हणाला, बलक्क बंद. येडक्क बरतान. अल्ले बडीरी."

रोज अक्कलकोटला जाणाऱ्या इमामसाबांना कानडी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी आडव्या पडलेल्या गाडीकडं पाहिलं. मग वखारीच्या बोळाकडं. बोळाच्या तोंडाशी भिंतीमागून एक काठी पुढं आली आणि झटकन मागं गेली.

"मागं घे गाडी," आबासाहेबांचा आवाज चिरकला.

मागं टांग्यांची रांग लागली होती. मागं जायला वाटच नव्हती.

"सरळ चला," रशीदा म्हणाली. "गिरणीपुढनं."

अब्बांचा हात आपसूक कपाळावरच्या पट्टीकडं गेला. ती गर्दी त्यांना आठवत होती. "तिथंच मला..."

"तेव्हा ते गर्दीत होते. आज ते बोळात आहेत. गर्दीत केराबाई असेल, तुम्हाला ओळखणारी माणसं असतील. बोळात कोण आहे?"

इमामसाबांनी मुलीकडं क्षणभर पाहिलं. "बसा आत," ते म्हणाले आणि चाक सरळ केलं.

लालसाबला सिद्धम्मानं मागच्या बाकावर ढकललं. रशीदा आणि जोतीराम पायदानावर लटकले. गिरणीचं फाटक आलं आणि माणसांनी मोटारीला चहूबाजूंनी वेढलं. डबे हातात घेतलेल्या बाया, कापसाच्या तंतूंनी डोकी पांढरी झालेले बाप्ये. अब्बा रबरी भोंगा दाबत इंचाइंचानं पुढं जात होते.

मागून आरडाओरडा झाला. शिकार निसटलेली पाहून मायाप्पा आणि त्याची माणसं धावत आली होती. पहिला दगड पुढच्या काचेवर बसला. काचेचा चुरा झाला, अब्बांच्या गालातून रक्ताची धार लागली. दुसरा दगड एका म्हातारबाच्या खांद्यावर बसला आणि तो ओरडून कोसळला. मायाप्पानं ड्रायव्हरच्या बाजूला झेप घेतली, अब्बांची मान धरली आणि त्यांना खाली ओढलं. त्याच्या दुसऱ्या हातात तशीच चिंधी गुंडाळलेली एक पहार होती. ती वर उठली.

रशीदानं त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. तोंडात खारट चव आली. मायाप्पानं तिला असं झटकलं की ती मोटारीच्या पत्र्यावर आपटली. आता तो गर्दीकडं वळला, त्यानं छाती भरून श्वास घेतला. तो काय ओरडणार, हे रशीदाला कळलं.

ती आधी ओरडली.

"चोर! चोर! हा मायाप्पा चोर!"

"चोर, चोर!" जोतीरामनं पायदानावरून आवाज चढवला. "केराबाई, धरा त्याला!"

केराबाई चांगली दणकट बाई होती. "आरं, ह्यो तर इमाम डायवर," खाली ओढलेल्या अब्बांकडं बघत ती म्हणाली आणि हातातला पितळी डबा तिनं मायाप्पाच्या डोक्यात घातला. "गेल्या खेपंला बी ह्योच वरडला व्हता. वळाकला म्या आवाज."

मग काय झालं ते धड कुणालाच सांगता आलं नाही. पहार कुणीतरी हिसकावली. मायाप्पाचे सोबती पळू लागले, त्यांना लोकांनी टांग्याखालून ओढून काढलं. मायाप्पा खाली पडला. त्याच्यावर लाथा पडत होत्या, डबे पडत होते, चपला पडत होत्या. मागच्यांना काही दिसत नव्हतं, तेही पुढच्यांच्या खांद्यावरून हात घालून मारत होते. काही जण हसत होते. "मी चोर न्हाय, चोर न्हाय," असं तो ओरडत होता. पुढं पुढं नुसताच हात वर करत होता, आणि मग तोही वर येईना.

रशीदाही हसत होती. आपण हसतोय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"बस करा! मरेल तो!" इमामसाब रक्ताळलेल्या तोंडानं गर्दीत घुसले आणि मायाप्पावर पालथे पडले. दोन लाथा त्यांच्याही पाठीत बसल्या, तेव्हा कुठं गर्दी थांबली.

फुटक्या काचेची ती मोटार त्या दिवशी अक्कलकोटला गेली नाही. ती मायाप्पाला घेऊन दवाखान्यात गेली, आणि चालवत होते अब्बाच.

संध्याकाळी रशीदाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. फौजदार येऊन गेले. मायाप्पाच्या सोबत्यांनी सगळं कबूल केलं होतं, हिंदुरावांना चौकीवर नेलं होतं. "मोठ्यांना जमलं नसतं ते या पोरांनी केलं," फौजदार म्हणाले आणि जोतीरामची पाठ अशी थोपटली की तो दोन पावलं पुढं गेला. आबासाहेबांनी पेढ्यांची पुडी आणली होती. "माझ्या जिभेला आता कुलूप," ते कान पकडून म्हणाले.

"जोत्या, बलक्का सुटली का रे?" सिद्धम्मानं विचारलं आणि सगळे खो खो हसले.

अम्मानं अब्बांच्या गालावर हळद लावली, मग रशीदाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. रशीदाला वाटलं, आता कितीतरी दिवसांनी आपल्याला पोटभर जेवण जाईल.

लालसाब तिच्या मांडीवर येऊन बसला. त्याच्या हातातला पेढा तसाच होता. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

"आपा," तो म्हणाला, "मायाप्पानं काय चोरलं होतं गं?"