वाचून दाखवले

बिघडलेला मजकूर सरळ करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. म्हणजे आमच्या घरात नाही. आणि घरात आता मी आणि वहिनी दोघंच, त्यात वहिनी कॉम्प्युटरला हात लावत नाहीत.

दादा लोकांचे अर्ज टाइप करायचा. गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, ते ‘बरोबर आहे’ म्हणालं की मगच शेवटची ओळ मारायचा: ‘वाचून दाखवले. बरोबर आहे.’ त्याशिवाय कागद छापायचा नाही. एका संध्याकाळी वहिनींशी कडाडून भांडला, एक पान टाइप करून झोपला, तो सकाळी उठलाच नाही. जाताना त्याच्या मनात राग होता का, एवढंच वहिनींना त्या पानातून जाणून घ्यायचं होतं.

परवा भर दुपारी मी ते पान दादाच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइलीतून उचलून नव्या फाइलीत चिकटवलं. आणि बघतो तर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली चिन्हं, रिकामे चौकोन... नुसता मुंग्यांचा बाजार!

“दादानं शिव्या घातल्यात वाटतं,” मी म्हटलं. वहिनी हसल्या नाहीत.

मग सगळा मजकूर निवडून त्याला दादाचा जुना फाँट लावला. मुंग्या जागच्या जागी मराठी झाल्या. मोजून अकरा ओळी. मी मोठ्यानं वाचल्या. शेवटची होती, ‘चूक माझी होती, उद्याचा चहा मी करीन.’

“हे तुम्हीच घुसडलंत,” वहिनी हळूच म्हणाल्या.

“शपथ, वहिनी!”

“तुमची शपथ! ह्यांच्या नावानं मला माहेरी खोटं पत्र धाडणारे तुम्हीच ना?”

धाडलं होतं खरं. झकास जमलं होतं.

त्यांनी माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली. “आता वाचा परत.”

वाचलं. खोलीत कुठून तरी लवंगेचा वास यायला लागला. टाइप करताना दादा लवंग चघळायचा. वाचून संपलं तरी वहिनींनी माझी मनगटं सोडली नाहीत.

“बरोबर... आहे,” त्या पुटपुटल्या.

पडद्यावर बारावी ओळ उमटायला लागली. एकेक अक्षर, थांबत थांबत. वाचून... दाखवले...

“कधी कधी चिकटवलेलं उशिरा उमटतं, वहिनी,” मी म्हटलं.

त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर खाली, कीबोर्डवर होती.

“उमटू द्या, भाऊजी... पण कळा का खाली जातायत?”