पाच गुणांचा पासमोर

तो आला तो पाणी मागायला.

जानेवारीतला, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळ्यातला मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजलेले, आणि उन्हाचा ताव अजून दुपारचाच. आमच्या गावच्या, कूरिलच्या मैदानावर आमच्या फुटबॉल क्लबचा हंगामपूर्व सराव सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. सव्वीस जण धापा टाकत गोल गोल पळत होते, प्रशिक्षक म्हणजे माझे बाबा शिट्टी तोंडात धरून त्यांना आणखी पिळत होते, आणि मी फाटकाशी खुर्ची टाकून हजेरीच्या खुणा करत माश्या हाकलत होते. तेवढ्यात एक पांढरी गाडी वाफा सोडत कुंपणाशी येऊन थांबली.

"पाणी मिळेल का?" उतरलेला मुलगा म्हणाला. "गाडीला हवंय. म्हणजे... मला मिळालं तरी चालेल."

"नळ मागे आहे. गाडीला हवं तेवढं घे. तुला द्यायचं का ते विचारून सांगते."

तो हसला. समोरचा एक दात किंचित वाकडा होता, आणि तो माझ्या उगाचच लक्षात राहिला.

बादली भरून तो परत येत होता, तेव्हा कुणाचा तरी चुकलेला चेंडू कुंपणावरून त्याच्या पायाशी आला. आमचा चेंडू अंडाकृती, नवख्याच्या पायावरून तो कुठेही भरकटतो. यानं बादली खाली ठेवली, चेंडू उचलला आणि कामाच्या जाड बुटानिशी, डाव्या पायानं असा मारला की तो सरळ उडत मैदानाच्या मध्यावर बाबांच्या छातीवर जाऊन विसावला. बाबांच्या तोंडातली शिट्टी पडली.

"टेगन," ते तिथूनच ओरडले, "त्या पोराला बादलीसकट आत घे."

पोराचं नाव ड्रू पासमोर. गावाच्या पश्चिमेला पवनचक्क्यांचे नवे मनोरे उभे राहिलेत, त्यांच्या दुरुस्तीच्या कामावर तो तीन दिवसांपूर्वी मेलबर्नहून आला होता. गुरुवारी तो सरावाला हजर झाला, आणि सराव संपल्यावर मी त्याला फॉर्म भरायला समोर बसवलं. दिवसभर मी गावातलं औषधांचं दुकान सांभाळते, पण क्लबची खेळाडूंची नोंदणी चार वर्षं माझ्याकडेच आहे.

"वय?"

"सत्तावीस."

"लग्न?"

"हे फॉर्मवर आहे?"

"नाही," मी म्हणाले, आणि माझे कान तापले.

"तरी लिहून ठेव. नाही झालेलं."

खरा प्रश्न पुढचा होता. आमच्याकडे एक नियम आहे. एखाद्या क्लबनं बाहेरचे तगडे खेळाडू गोळा करून बाकीच्यांना लोळवू नये, म्हणून प्रत्येक खेळाडूला गुण लावतात. गावातच लहानाचा मोठा झालेला एका गुणाचा. बाहेरचा दोन, तीन, चार... जितक्या मोठ्या ठिकाणी खेळलेला, तितके जास्त. पहिल्या संघातल्या बावीस जणांचे मिळून छत्तीस झाले की दार बंद. तेव्हा अंगात फार गुण असणं ही आमच्याकडे कौतुकाची नाही, अडचणीची गोष्ट.

"गेल्या तीन वर्षांत राज्याच्या लीगमध्ये खेळलास कधी?"

तो जरा घुटमळला. "तसं नाही म्हणता येणार... एकदा बाकावर होतो. दोन वर्षांपूर्वी."

"बाकावर बसायचे गुण नसतात," मी हसून म्हटलं, आणि चार लिहिले. क्लबच्या खोलीत पांढऱ्या फळ्यावर नावांचे चुंबक असतात, त्यात त्याचा लावला आणि बेरीज केली. बरोबर छत्तीस. बाबा बराच वेळ त्या फळ्यापुढे उभे राहिले. नऊ वर्षं आम्ही अंतिम सामना गाठला नव्हता, आणि आमच्याकडे डाव्या पायानं मारणारा माणूस नव्हता.

मग फेब्रुवारी सुरू झाला. धान्याच्या कोठारांपर्यंत पळत जाऊन यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. पोरं उलट्या करायची, बाबांना शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. पासमोरला दुकानात यायला काहीही निमित्त पुरायचं. सोमवारी टाचेच्या फोडांची पट्टी, बुधवारी उन्हानं भाजल्यावरचं मलम, शुक्रवारी पुन्हा पट्टी.

"किती टाचा आहेत तुला?" मी एकदा विचारलं.

"दोनच. पण दोन्ही नाजूक आहेत."

"एवढं ऐंशी मीटरवर चढतोस, तेव्हा नाही दुखत?"

"वर चढलं की तुमचं मैदान दिसतं," तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. "सगळं गाव पिवळं, आणि मधेच एक हिरवी बशी. फाटक दिसतं. तुझी खुर्ची दिसते."

"इतक्या वरून खुर्ची दिसते?"

"नाही दिसत. पण ती कुठे असते ते माहीत आहे."

मी पट्टीचं खोकं पिशवीत घातलं, आणि पिशवी त्याच्या हातात द्यायच्या ऐवजी परत फडताळावर ठेवली.

एकदा सराव चालू असताना आभाळ भरून आलं. वीज कडाडली म्हणून बाबांनी सगळ्यांना आत घेतलं, आणि आम्ही दोघं छपराच्या कडेला उभं राहून पावसाची वाट पाहिली. मोजून दहा थेंब पडले. अकरावा त्याच्या मनगटावर पडला. त्यानं हात माझ्यापुढे धरला, जणू मलाही त्यातलं थोडं द्यायचं होतं, आणि मी बोटानं तो थेंब टिपला. एवढंच. पण आत क्लबच्या शेगडीशी गेल्यावर आई मला म्हणाली, सॉसेज जळतायत, लक्ष कुठे आहे तुझं. माझं लक्ष कुठे होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सरावाचा सामना झाला. पासमोरनं पाच गोल केले. संध्याकाळी आम्ही दोघं मैदानाच्या कडेला गवतावर बसलो होतो, पाय ताणून, फवाऱ्याचं पाणी पोचेल न पोचेल अशा अंतरावर. मी त्याला म्हटलं, एवढा चांगला खेळतोस, मोठ्या लीगमध्ये का नाही टिकलास?

"टिकायला सहा मिनिटं मिळाली," तो हसत म्हणाला. "एकाचा घोटा मुरगळला आणि मला आत पाठवलं. पहिलाच चेंडू माझ्याकडे आला, मी धावलो आणि तोंडावर आपटलो. तोंडभर गवत. घरी सगळे टीव्हीपुढे बसले होते..."

मी हसायला सुरुवात केली होती. मधेच थांबले.

"तू मैदानात उतरलास?"

"सहा मिनिटं. सांगितलं की तुला, बाकावर होतो म्हणून."

आमच्या गावात बाकावर असणारा म्हणजे जास्तीचा माणूस. कुणी आजारी पडलं तर हाताशी असावा म्हणून येतो, सॉसेज खातो, सामना पाहून घरी जातो. शहरात मात्र बाकावरचे चौघं संघातलेच असतात, आलटूनपालटून आत जातात. त्यानं त्याच्या भाषेत खरं सांगितलं होतं आणि मी माझ्या भाषेत ऐकलं होतं. एक सामना खेळला, मग तो सहा मिनिटांचा का असेना, की पाच गुण. म्हणजे आमची बेरीज सदतीस.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" मी काही नाही म्हणाले. त्या शनिवारी मी एवढी एकच गोष्ट लपवली, आणि तीही रविवारपर्यंतच.

गप्प बसता आलं असतं. सहा मिनिटं कुणाला आठवणार होती? पण यादीवर सही माझी असते. आणि ऑगस्टमध्ये, हंगाम संपत आल्यावर, कुणी कागद उकरून काढले असते, तर पोरांनी जिंकलेले सगळे सामने पुसले गेले असते. रविवारी सकाळी मी क्लबच्या खोलीत बाबांना सांगितलं. मैदानावर मी त्यांना बार्नी म्हणते, सगळ्यांसारखं. त्या दिवशी तोंडातून बाबाच निघालं.

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "फॉर्म भरताना बेरजेकडे लक्ष होतं की त्याच्याकडे?"

"त्याच्याकडे," मी म्हणाले.

"बरं झालं खरं बोललीस." ते फळ्याकडे वळले आणि आमच्या एका खेळाडूच्या, कॉलमच्या, नावावर बोट ठेवलं. "कॉलम दोन गुणांचा आहे. इथे घर घेतलंय त्यानं, मुली शाळेत घातल्यात. त्याला काढून एका गुणाचा घेऊ?"

"नाही."

"मग कुणाला काढायचं ते तू सांग."

मी हात वर करून पासमोरचा चुंबक उचलला. तो तळहातावर घेऊन मी उभी राहिले, आणि मला रडू आलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

ड्रूला मीच सांगायला गेले. बेकरीच्या मागच्या गल्लीत तो भाड्यानं राहत होता. पायरीवर बसून बूट पुसत होता. मी सगळं सांगितलं, बाकापासून बेरजेपर्यंत.

"म्हणजे मीच बोललो आणि मीच गेलो," तो म्हणाला.

"चूक माझी आहे. मी नीट विचारायला हवं होतं."

"पलीकडच्या लेक बॅनन गावाच्या क्लबातून फोन आला होता मघाशी, त्यांच्या प्रशिक्षकाचा. त्यांच्याकडे सहा गुण रिकामे आहेत. पहिल्या संघात थेट जागा." तो ब्रशकडे बघत होता. "त्यांना इतक्या लवकर कसं कळलं?"

"बाबांनी कळवलं. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून."

लेक बॅनन म्हणजे आमचे जन्माचे वैरी. त्यांना फोन करणं बाबांना किती जड गेलं असेल ते मलाच माहीत.

"मी काय करू, टेगन?"

राहा. हे एवढंच म्हणायचं होतं. पण ज्याची जागा मी माझ्या हातानं काढली, त्याला माझ्यासाठी राहा म्हणायला माझी जीभ रेटेना. सत्तावीस म्हणजे आमच्या खेळात काही फार वर्षं उरलेली नसतात.

"जा," मी म्हणाले. "तू पहिल्या संघाचा खेळाडू आहेस."

"हे नोंदणीवाली बोलतेय की टेगन?"

"दोघी," मी म्हणाले. त्यातली एक खोटं बोलत होती.

मंगळवारी तो सरावाला आला नाही. बुधवारी दुकानातही नाही. पोरांनी मला काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना सगळं कळलं होतं. एरवी माझी चेष्टा केल्याशिवाय ज्याचं जेवण पचत नाही, तो कॉलमसुद्धा मान खाली घालून शेजारून गेला. आई म्हणाली, चाळीस किलोमीटर म्हणजे काही परदेश नाही. मला ते परदेशाहून लांब वाटत होतं. तिथे तो दर शनिवारी दुसऱ्या रंगाचा सदरा घालणार, आमच्याविरुद्ध गोल करणार, आणि मी टाळी वाजवायची की नाही ते ठरवत बसणार.

गुरुवारी याद्या पाठवायची मुदत होती. मी क्लबच्या खोलीत कागद पसरून बसले होते. बाहेर बाबांची शिट्टी, धावणाऱ्यांचे पाय, उन्हात तापलेल्या गवताचा वास. दारात कुणीतरी उभं राहिलं म्हणून वर पाहिलं. ड्रू होता, गळ्यात बूट अडकवलेले.

"यादी गेली?"

"जाईल आता. तू लेक बॅननला..."

"नको म्हणालो."

मी पेन खाली ठेवलं. "वेडा आहेस का? दुसरं कुणी तुला घेऊ शकत नाही आता."

"दुसरा संघ घेईल. तुमचाच. त्याला गुणांची मर्यादा नाही, विचारून आलोय."

आमचा दुसरा संघ शनिवारी दुपारी बाराला खेळतो, ऐन जेवणाच्या वेळी. पाहायला सात गाड्या असतात, त्यातली एक पंचाची. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"तुझं वर्ष वाया जाईल," मी म्हणाले.

"वाया कसं? क्लबात एक वर्ष काढलं की एक गुण उतरतो. नियमावली वाचली मी. पान अकरा."

"बारा," मी म्हणाले.

"सहा वर्षांत पाच क्लब झाले माझे, टेगन. दर वेळी जरा वरची जागा मिळाली म्हणून निघालो. गुण वाढत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी मी बाहेरचाच राहिलो." तो समोरच्या खुर्चीत बसला. "पुढच्या वर्षी मी चार गुणांचा होईन. मग तीन, मग दोन..."

"एका गुणाचा व्हायला चार वर्षं लागतील."

"थांबायचा विचार आहे." त्यानं गळ्यातले बूट काढून टेबलाखाली ठेवले. "क्लबबद्दल नाही बोलत मी. म्हणजे... क्लबबद्दलही."

बाहेर बाबा कुणावर तरी खेकसले, आणखी दोन फेऱ्या म्हणून. मी दुसऱ्या संघाचा फॉर्म पुढे ओढला आणि त्याचं नाव लिहिलं. तो टेबलावर वाकून वाचत होता, इतका जवळ की त्याच्या खांद्याची ऊब लागत होती.

"गुण कुठे लिहायचे?" त्यानं विचारलं.

"या फॉर्मवर तो रकाना नसतो. दुसऱ्या संघात कुणीही चालतं."

"कुणीही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. एवढे दिवस मी जपून बोलत होते, आणि आता जपायचं काही उरलं नव्हतं.

"संघाला चालतं," मी म्हणाले. "मला नाही चालत."