सात महिन्यांचा एअरब्रश

"पेंटर कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

मी पिकअपच्या फाळक्यासमोर उकिडवी बसले होते. एक ब्रश हातात, एक दातांत. 'आईची पुण्याई' लिहून झालं होतं, आता अक्षरांना सावली देत होते. सावली मध्येच सोडली की रंग वाळतो आणि जोड दिसतो, म्हणून मान न वळवता दातांतूनच म्हटलं, "बोला."

"तसं न्हाई ताई, पेंटरशी काम व्हतं."

"मग बोला की."

मग दोन चपला फिरून माझ्या बाजूला आल्या आणि चपलांचा मालक गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. रापलेला चेहरा, खिशाला दोन पेनं, आणि डोळ्यांत असं काही नवल... की मला सावली सोडून वर बघावंच लागलं. जोड राहिला. त्या पिकअपच्या 'पु'वर तो अजून असेल.

"तुमीच का पेंटर?" तो म्हणाला. "मला बोर्ड पायजे व्हता. सायबर कॅफेचा."

त्याचं नाव सोपान. डिंगोऱ्याचा. पुण्यात कॉम्प्युटर शिकला आणि घरच्यांनी वेड्यात काढलं तरी नारायणगावात, आमच्या शेडसमोरच्या गाळ्यात सहा कॉम्प्युटर मांडून बसला. गाड्या रंगवायची ही शेड कमरुद्दीन चाचांची. चाचांची नजर मंद झाली तसं अक्षरांचं सगळं काम माझ्याकडं आलं होतं. मी येडगावहून सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत. वय एकोणतीस. स्थळं यायची, चहा प्यायची, माझ्या नखांतला रंग बघायची आणि जायची. वडलांनीही आता पोहे करायला सांगणं सोडलं होतं.

बोर्ड एका दिवसाचा होता. मी दोन दिवस लावले. शिडीवर उभी असताना तो खाली शिडी धरून उभा राहायचा, आणि शिडी अजिबात हलत नव्हती.

त्यानं मला 'ताई' म्हटलं ते त्या पहिल्याच दिवशी. नंतर कधीच नाही. नुसतं 'पेंटर' म्हणायचा. माझी पंचाईत मोठी. आमच्याकडं वाटेवरच्या माणसालाही 'भाऊ' म्हणतात, पण ते माझ्या तोंडातून निघेना. नाव घ्यायची हिंमत नव्हती. 'अहो' म्हटलं असतं तर चाचांनी पेढेच वाटले असते. म्हणून मी दारात उभी राहून खोकायचे.

तिसऱ्या दिवशी मी एका पिकअपवर मावळतीचं आभाळ काढत होते. केशरी, मग तांबडं, मग जांभळं. स्पंजनं टिपून टिपून सकाळपासून एक हातभर झालं होतं. तो चहाचा ग्लास घेऊन बघत उभा राहिला.

"याला यंत्र असतंय," तो म्हणाला.

"आभाळाला?"

"रंग फुकायला. एअरब्रश म्हणत्यात. पेनासारखा असतो. इथं दाबलं की रंग धुक्यासारखा येतो बघा... कडाच न्हाई राहत."

मी स्पंज खाली ठेवला. बारा वर्षांची होते तेव्हापासून मला ती कडा छळत होती. "दाखवता?" मी म्हटलं.

तेव्हा नेट म्हणजे सावकाश काम. चित्र वरून खाली, बोटबोट उतरायचं. आधी पांढरं, मग एक चकचकीत टोक, मग रंग भरायची इवलीशी वाटी, मग बोटानं दाबायचा खटका... आम्ही दोघं श्वास धरून बघत बसलो होतो. दार त्यानं सताड उघडं ठेवलेलं, आणि स्वतःची खुर्ची माझ्यापासून दीड हात लांब. ते दीड हात मला पाठ झाले. खालचा पाइप दिसायला लागला आणि लाइट गेली. भारनियमनाची वेळ झाली होती.

"बाकीचं उद्या," तो म्हणाला.

आणि मला, खरं सांगते, लाइटवाल्यांचा राग आला नाही.

मग रोजच सुरू झालं. दुपारी अडीच ते चार लाइट असायची. जेवणाचा डबा घाईनं संपवून मी रस्ता ओलांडायचे आणि खोकायचे. आम्ही दुकानं बघायचो. एक अमेरिकेतलं होतं, तिथं ढीगभर ब्रश, पण भारतात पाठवत नव्हते. एक दिल्लीचं. एक मुंबईचं, त्यात केकवर रंग मारायचे आणि नखांवर मारायचे असे वेगवेगळे. मी म्हटलं, पिकअपवर मारायचा कुठला? तर तो कुठल्याच यादीत नव्हता.

एका खटक्याचा घ्यावा की दोन कामं करणाऱ्या खटक्याचा, यातच वैशाख गेला. साध्यात दाबलं की हवा आणि रंग एकदम येतात. दुसऱ्यात दाबलं की हवा आणि मागं ओढलं की रंग, जेवढा ओढाल तेवढा. सोपान म्हणायचा, शिकायला साधा बरा. मी म्हणायचे, सारखं तेच शिकत बसायला मी काय शाळेत आहे?

ज्यांनी आधी घेतलाय त्यांची मतं खाली इंग्रजीत लिहिलेली असायची. तो मला मराठीत सांगायचा.

"ह्यो माणूस ऑस्ट्रेलियाचा. हेल्मेटं रंगवतो. तो म्हणतोय, पहिला ब्रश स्वस्तातला घेऊ नका. आणि म्हणतोय... ज्याच्या हाताला सवय हाय, ज्याचा हात थरथरत न्हाई, त्या माणसाच्या हातात ह्यो ब्रश लई शोभून दिसतोय. मग नखाला रंग का लागेना."

मी दहावी नापास, पण शब्द मोजता येतात. पडद्यावरचं वाक्य सहा शब्दांचं होतं.

"ऑस्ट्रेलियाचा माणूस लई बोलतो," मी म्हटलं.

"एकटा राहत असंल," तो म्हणाला आणि पडद्याकडंच बघत राहिला. कान मात्र तांबडे झाले होते.

ब्रश ठरला की हे दुपारचं येणं संपणार, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. काय सांगून जाणार होते मी? येडगावची पेंटरीण कॅफेत रोज कशाला जाते, याला बाजारपेठेत एकच उत्तर होतं – ब्रश निवडतेय. ते उत्तर गेलं की उरलेलं उत्तर सगळ्यांना दिसलं असतं. आणि ते त्याला तरी दिसत होतं का, हेच मला माहीत नव्हतं. म्हणून मी खोड्या काढत राहिले. याची वाटी लहान. त्याची सुई जाड. तो मुंबईचा, दमट हवेतला.

त्यात पैसे भरायला कार्ड लागायचं. ते आमच्या ओळखीत एकाकडंच – त्याचा थोरला भाऊ पप्पूदादा, पुण्यात नोकरीला. दादा गावी यायचा तेव्हाच कार्ड यायचं. यात्रेला दादा आला. मी म्हटलं, अजून ठरत न्हाई. गणपतीत आला. सोपान म्हणाला, पेंटरचं मत झालं नाही. दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "अहो, मी फ्लॅट याच्यापेक्षा लवकर घेतला."

चाचा तर रोजच. "पोरी, लोक बायको बघायला यवढा टाइम लावत न्हाईत."

"चाचा, चुकीचा आला तर?"

"चुकीचा आला तं आला. न्हाई आला तं काय करशील, त्ये बोल."

श्रावणात पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की कॅफेत बोललेलं ऐकू यायचं नाही. मग तो कागदावर लिहून पुढं सरकवायचा. 'हा बघा, ०.३ ची सुई.' मी खाली लिहायचे, 'बारीक आहे.' एकदा त्यानं लिहिलं, 'उद्या याल ना?' आणि मी कागद हातात घ्यायच्या आत तो खोडला. मी तो घरी आणला. खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गाड्यांची रांग लागली. पूजेला प्रत्येकाला गाडी नवी हवी. चार दिवस मला रस्ता ओलांडता आला नाही. पाचव्या दिवशी गेले, खोकले. तो उठून उभाच राहिला.

"मागवला," तो म्हणाला.

"काय?"

"ब्रश. दादा आला व्हता काल. त्या दुकानात एकच उरला व्हता, तुमाला त्यातल्या त्यात आवडलेला. गेला असता तर परत पहिल्यापासनं..."

"मग काय बिघडलं असतं?"

तो कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला. मला एवढंच कळलं, की हा माणूस कंटाळला. सात महिने सभ्यपणानं बसला आणि कार्ड आल्याबरोबर काम उरकून मोकळा झाला. जमवलेले पैसे मी टेबलावर ठेवले आणि रस्ता ओलांडून परत आले. वाळलेल्या रंगावर पुन्हा रंग मारत बसले. चाचांनी एकदा बघितलं आणि रेडिओ मोठा केला.

बारा दिवस मी गेले नाही. अडीच वाजले की पाय आपोआप उठायचे, त्यांना खाली बसवायला लागायचं. समोर तो दारात येऊन उभा राहायचा, मग आत जायचा. मी शिडीच दुसऱ्या बाजूला लावली. तरी चपलांचा आवाज ओळखू यायचा.

पार्सल आलं ते शेडच्या पत्त्यावर. चाचांनी कात्री दिली. आत मखमलीच्या खाचेत तो – चकचकीत, थंड, पेनाएवढा. मी वाटीत निळा भरला, पत्र्याचा तुकडा धरला आणि खटका दाबला. काही नाही. मागं ओढला. काही नाही.

"बिघडलेला पाठवला," मी म्हटलं.

चाचांनी चष्मा कपाळावर नेला, ब्रश हातात घेऊन खालचं आट्याचं तोंड बघितलं. "हिथं पाइप लागतो. हवा कुठनं येणार?"

"कसली हवा?"

"तुझ्या तोंडातली न्हाई. कंप्रेसर लागतो, बये. पंक्चरवाल्याकडं असतो तसला." आणि चाचा असे हसायला लागले की त्यांना खाली बसावं लागलं. "सात महिने दोघं डोकी लावून बसलात... हवेचं इचारलंच न्हाई कुणी?"

नव्हतं विचारलं. चित्र पाइपापर्यंत यायचं आणि आमचं लक्ष दुसरीकडं जायचं. लाइट नेहमीच गेली असेल असं नाही.

मी ब्रश डबीत घातला आणि रस्ता ओलांडला. खोकले नाही.

सोपान एकटाच होता. मी डबी टेबलावर ठेवली आणि हवेचं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. मग, मला दिसलं, त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. स्वतःची दीड हात लांब.

"कंप्रेसर बघावा लागंल मग," तो म्हणाला. "त्यात बी लई प्रकार असतील. टाकीचा, बिनटाकीचा... घाईनं घ्यायचा न्हाई. बसा की."

मला हसू आलं आणि रडूही. म्हणजे कंटाळला नव्हता.

"मी न्हाई बसायची," मी म्हटलं. "मग ब्रश का मागवलात, मला न इचारता?"

तो माउसची वायर बोटाला गुंडाळत राहिला. "तुमी चार दिवस आला न्हाईत. मला वाटलं... तुमी कंटाळलात. निदान वस्तू तरी मिळावी तुमाला. मला काय, सात महिने मिळालेच व्हते."

बाहेरून टोमॅटोनं भरलेली गाडी गेली. सगळी काच थरथरली.

"सोपान," मी म्हटलं. माझ्याच तोंडात ते नाव मला नवं लागलं. "अजून सात महिने कंप्रेसर बघायचा, मग पाइप बघायचा, मग रंग. मी चाळिशीला येईन. मला जे निवडायचं व्हतं ते उन्हाळ्यातच निवडून झालंय. तुमचं अजून ठरत नसंल तर तसं सांगा. मी माझी चहा पिणारी मंडळी बोलावते परत."

त्यानं वायर सोडली. मग उठला, आणि त्याची खुर्ची होती ते दीड हात चालून माझ्यापुढं आला.

"माझं बोर्डाच्या वेळीच ठरलं व्हतं," तो म्हणाला. "शिडी धरायची काय गरज न्हवती. शिडी अडकवायला भिंतीला हुक व्हता."

"दिसत व्हता मला हुक."

"मग बोलला न्हाईत?"

"तुमी सोडली असती शिडी."

तो हसला. मग एकदम गंभीर झाला, लहान आवाजात म्हणाला, "रविवारी येतो येडगावला. दादाला आणि आईला घेऊन. तुमच्या वडलांना काय सांगू, कशासाठी आलो?"

"ब्रश दाखवायला आलो म्हणा. पोहे मी करते."

त्याच संध्याकाळी आम्ही ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडून टच्च भरून घेतली, तिला कसाबसा पाइप जोडला. ब्रश आधी दोनदा थुंकला, मग निळं धुकं आलं... सोपानच्या शर्टावर. चाचा म्हणाले, राहू दे, रविवारी तोच घाल.

माझी एसटी लागली तेव्हा तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी गाडी सुटेपर्यंत तो "बरं" म्हणत राहिला आणि मीही.

बुधवार होता. सात महिने मला कधीच लांब वाटले नव्हते. पण रविवारपर्यंतचे ते चार दिवस... रोज वाटायचं, आता रात्रीच्या भाकरीची वेळ झाली, आणि घड्याळ बघावं तर दुपारच अजून. अडीचच वाजलेत.