बारापैकी बारा

बोलायला दहा मिनिटं आणि दाखवायला बारा पेशंट. प्रत्येकाची एक स्लाइड, डावीकडे 'आधी'चा फोटो, उजवीकडे 'नंतर'चा. चेहऱ्यावरच्या चिघळणाऱ्या जखमांसाठी आमच्या विभागाने एक मलम तयार केलं होतं आणि त्याचे निकाल मला शुक्रवारी निवड समितीसमोर मांडायचे होते. सहा वर्षं मी कंत्राटावर घासत होते. कायमची जागा ह्या भाषणावर ठरणार होती. अकरा जणांना गुण आला होता. सातव्या पेशंट बाईंनी मात्र माझ्या नाकी नऊ आणले.

त्या शिवणकाम करायच्या. आल्या तेव्हा गालावर डाळीएवढी जखम. सहा आठवडे मलम लावून ती कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत कोयत्यासारखी वाकडी पसरली.

"बारापैकी अकरा म्हटलं की समिती त्या एकाबद्दलच विचारत बसते," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "बघ काय करता येतंय ते." आणि चहाला निघून गेल्या. अशा वेळी त्यांना बरोबर चहाची तल्लफ येते.

मंगळवारी सकाळी मी बाईंच्या दोन फोटोंची अदलाबदल केली. मोठी जखम 'आधी', छोटी 'नंतर'. दोन क्लिकचं काम. जिवाला जरा लागलं, खोटं कशाला बोलू? पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेही विसरले.

बुधवारी फाइल उघडली तर त्या फोटोंच्या कोपऱ्यातल्या तारखाही बदललेल्या. त्या कॅमेराच छापतो, मला पुसता येत नाहीत. मॅडमनी कोणाकडून तरी करून घेतलं असेल, म्हटलं, आणि मनातल्या मनात त्यांना मानलं.

तासाभराने बाईच तपासणीच्या खोलीत आल्या. गालावर डाळीएवढी जखम. बाकीची कातडी कोवळी, गुलाबी.

"कालच्या काल ओसरलं हो," म्हणत त्या माझे दोन्ही हात धरून रडायला लागल्या. मी त्यांच्या गालावरून दोनदा बोट फिरवलं. साधा वणही लागेना.

गुरुवारी वॉचमन आला, आमचा चौथा पेशंट. महिन्यापूर्वी ठणठणीत होऊन घरी गेलेला. तोंडावर फडकं धरून आला. ते काढायच्या आधीच मला वास आला. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, तोच बाक, तीच कड. बाईंचीच जखम होती ती. सहा आठवडे मी ती पुसली होती, मला ओळखू येणार नाही?

"डॉक्टर, मी तर बरा झालो होतो ना?"

"बाहेर बसा."

त्याची स्लाइड उघडली. स्वच्छ गाल 'आधी'मध्ये सरकला होता आणि 'नंतर'मध्ये ती वाकडी जखम. तो फोटो आम्ही कधी काढलाच नव्हता.

मी त्या दोन फोटोंचीही अदलाबदल केली आणि दार उघडून पाहिलं. तो बाकावर बसून हातातल्या फडक्याकडे बघत होता. गाल साफ.

मग मी एकेक स्लाइड तपासली. सगळं जागच्या जागी. बारापैकी बारा. ती जखम आणखी कुणाकडे तरी गेली असणार, हे न कळायला मी काही खुळी नाही. पण माझ्या पेशंटांपैकी कुणाकडे नव्हती, आणि मी फाइल बंद केली.

शुक्रवारी सकाळी सभागृहाबाहेर उभी होते, तेव्हा घरून धाकट्या बहिणीचा फोन आला. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच असते.

"ताई, गाल जळतोय गं. कानापासून खाली ओठापर्यंत. आरशात बघवत नाही."

लॅपटॉप माझ्या हातातच होता.

बाईंचे फोटो परत होते तसे ठेवायला दोन क्लिक पुरले असते.

आतून माझं नाव पुकारलं.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "संध्याकाळी बघते."

भाषण झकास झालं. समितीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "कुणालाच त्रास झाला नाही?"

"अभ्यासातल्या कुणालाच नाही, सर."

टाळ्या पडल्या. मॅडमनी तर मला मिठीच मारली.

नेमणुकीचं पत्र यायला दोन महिने लागतात. समिती मधेच कुणालाही तपासायला बोलावू शकते, तोवर फाइलमधलं काही म्हणजे काही हलवायचं नाही, असं मॅडमनी बजावलंय. फाइल मी रोज उघडते. रोज बंद करते.

सकाळी धाकटीला खिडकीशी बसवून मी तिच्या गालाला आमचंच मलम लावते. कालपासून पापणीची कडही ओली दिसतेय. तिला सांगितलेलं नाही, घरातले आरसे उचलून ठेवलेत. लावून झालं की ती माझ्या तळव्यावर गाल टेकते आणि म्हणते, "बरं वाटतंय गं ताई. तुझ्या हाताला गुणच आहे."