पदकावरचं अर्धं वचन

पाळकसाहेब, हे तुमचंच काम आहे. तिला वाट बघायला बसवलंत ते तुम्ही. तिच्याशी लग्न ठरलेला मुलगा परदेशी निघाला, तेव्हा चर्चमधल्या सगळ्या मंडळीपुढे तुम्ही एक पदक मधोमध तोडलंत, दोघांच्या गळ्यात अर्धं-अर्धं घातलंत आणि त्यावर कोरलेलं बायबलमधलं वचन वाचलंत: आपण एकमेकांच्या नजरेआड असताना देव तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो. मुलगा गेला तो गेलाच. तिकडे त्याने संसार थाटला. ही इथे पदक चाचपत दाराकडे डोळे लावून, आणि तुम्ही आपले म्हणताय, "बेटी, वचन आहे." कुणी कुणाला म्हटलेलं वचन, ते एकदाही सांगितलं नाहीत.

शेवटी तिने स्वतःच वाचलं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी बाई ती. बाटलीवरचं नाव ताडल्याशिवाय आतल्या थेंबाला हात लावायची नाही. तिने बायबलमध्ये त्या वचनाच्या मागचं पान उघडलं, पदक काढून ठेवलं, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रवचनाला "मागच्या पानावर काय आहे?" विचारत सुटली. मंडळीत तिचं नावच पडलं — मागचंपान.

तर एका दुपारी रस्त्याने जाताना दुकानाच्या काचेआड तिला तीच पदकं ओळीने मांडलेली दिसली. ती तडक आत शिरली. भांडायलाच.

"ही तुम्ही कोरता?"

कोरणाऱ्याने मान वर केली. एका डोळ्यावर भिंग, त्यामुळे तो डोळा भलताच मोठा... आणि तिला पुढचं वाक्य क्षणभर आठवेचना.

"अक्षरं माझी. अर्थ पाळकसाहेबांचा."

"अर्थ चुकलाय."

"मग तक्रार अर्थखात्यात करा ना, मॅडम."

तिला हसायचं नव्हतं. हसू आलं, आणि त्याचाही राग आला. त्या रागातच तिने सगळं सांगितलं. हे प्रेमिकांचं बोलणं नाहीच. हे सासरा-जावयाचं आहे. दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांना फसवलेलं. जावई बायकापोरं, गुरंढोरं घेऊन गुपचूप पळाला, सासऱ्याने पाठलाग करून गाठला. शेवटी दगडांची रास रचली — वाईट मनात धरून तू इकडे यायचं नाहीस, मी तिकडे यायचं नाही. आणि विश्वास कुणाचाच कुणावर नाही, म्हणून पहाऱ्याला देव.

त्याने भिंग उतरवलं. "म्हणजे इतके दिवस मी लोकांच्या गळ्यात पोलीसचौकी बांधतोय?"

दुसऱ्या दिवशी तो लॅबच्या खिडकीशी हजर.

"रक्त द्यायचंय?" तिने विचारलं.

"नाही. भांडायचंय. सगळा अध्याय वाचला मी. तुम्ही शेवट गाळलात."

"मी?"

"भांडून झाल्यावर दोघं त्याच राशीपाशी जेवले. सकाळी सासऱ्याने लेकी-नातवंडांचे मुके घेतले, आशीर्वाद दिला, मग निघाला. मागचं पान वाचता, मग पुढच्या ओळींनी काय घोडं मारलंय?"

तिचे कान तापले. तिचा राग जिथे भागला होता, तिथेच तिने पुस्तक मिटलं होतं...

मग रोजचंच झालं. संध्याकाळी लॅबबाहेरच्या बाकावर तो एकेक वचन घेऊन यायचा, ती त्याच्या मागचं-पुढचं उलगडायची. त्याच्या बाहीवर पितळेची भुकटी चमकायची. ती बोटाने झटकावीशी वाटायची — आणि ती हात मांडीखाली दाबून बसायची. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. दोघांपैकी कुणी त्यावर बोललं नाही.

एकदा तो आला तो रिकाम्या हाताने. बसलाच नाही.

"लांबच्या शहरात काम मिळालंय. जुन्या स्मारकावरची अक्षरं पुन्हा कोरायची. वर्ष तरी जाईल." तो बुटाचं टोक जमिनीवर घासत राहिला. "रविवारी पाळकसाहेबांनी आपल्या दोघांना पुढे बोलावलंय. पदक... म्हणजे तुझी हरकत नसेल तर..."

तिचा हात गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. तरी काचलं.

रविवारपर्यंत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा गार व्हायचा, चावी दारालाच राहायची. तिने तो अध्याय पुन्हा काढला, या वेळी शेवटपर्यंत.

रविवारी, पाळकसाहेब, तुम्ही पदक उचललंत, तोच ती म्हणाली, "नको."

"बेटी, वचनाला नाही म्हणू नये."

"वचनाला नाही म्हणत नाही, पाळकसाहेब. ते अर्धं वाचायला नाही म्हणतेय. त्या दोघांनी आधी मनातलं सगळं तोंडावर सांगितलं, मग देवाला साक्षीला बोलावलं. आम्ही अजून काहीच बोललो नाही, आणि तुम्ही साक्षीदार आधी उभा करताय."

ती कोरणाऱ्याकडे वळली.

"माझा तुझ्यावर पुरता विश्वास नाही. पाठ फिरवलेला प्रत्येक माणूस मला कायमचा गेलेला वाटतो. हा माझा दगड. मांडला."

त्यानेही आपला दगड मांडला. "मला... मला वाटतं, तू एक दिवस माझंही मागचं पान काढशील. शाळा अर्धवट, धंदा दोनदा बुडालेला. आणि मग मिटून ठेवशील." तो तुमच्याकडे वळला. "ते पदक उलटून बघा."

तुम्ही उलटलंत. पुन्हा सुलटं केलंत. दोन्ही बाजू कोऱ्या.

"इतरांसाठी हात न थरथरता कोरलं," तो म्हणाला. "हिच्यासाठी बसलो... तर खोटं कोरवेना."

तिचे डोळे भरून आले. ते पुसायलाही ती थांबली नाही. एक पाऊल पुढे झाली, आणि त्याच्या बाहीवरची पितळेची भुकटी बोटाने झटकून टाकली.

"मग कोरू नकोस. बोल. पाळकसाहेब ऐकतायत, देव ऐकतोय, मी ऐकतेय. परत येणार आहेस का — आणि कुणासाठी? उत्तर दे."